दिवाणखान्यातून कानापर्यंत : स्पीकरच्या जागी हेडफोन निवडताना

घरातील स्पीकरची जोडी निवृत्त करण्याची वेळ बहुधा संगीताच्या कारणाने येत नाही. इमारत पुनर्विकासाला जाते आणि बिऱ्हाड भाड्याच्या लहान घरात हलवावे लागते. घरात तान्हे मूल येते, कुणी आजारी माणूस अंथरुणाला खिळतो, मुलाची दहावी-बारावी असते. किंवा सतारीचा झाला नेमका रंगात आलेला असताना भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची झोप मोडते. पंचवीस-तीस वर्षे दिवाणखान्याच्या दोन कोपऱ्यांत उभी असलेली ती लाकडी खोकी मग एकाएकी अडगळ वाटू लागतात. त्यांची पाठवणी करून माणूस हेडफोनच्या दुकानात जातो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, 'आमच्या स्पीकरसारखा आवाज कशात मिळेल?'

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'कशातच नाही' असे आहे. विक्रेता ते सहसा देत नाही. हेडफोन कितीही महाग असला तरी तो स्पीकरची नक्कल करू शकत नाही, आणि काही बाबतींत स्पीकरलाही हेडफोनची बरोबरी साधत नाही. हे मान्य करून निवड करणारा बेताच्या किमतीतही समाधानी होतो. मान्य न करणारा एकामागून एक महागडे नग बदलत राहतो आणि जुन्या खोक्यांच्या आठवणीने उसासे टाकतो. तेव्हा खरेदीआधी काय जाणार आणि काय येणार, याचा हिशेब मांडलेला बरा.

त्याहीआधी एक खात्री करून घ्यावी. स्पीकर जागेअभावी काढायचे असतील तर इलाज नाही. पण 'आवाज फाटतो', 'खर्ज घरघरतो' म्हणून ते टाकून द्यायचे ठरले असेल तर थांबावे. स्पीकरच्या कागदी शंकूला चौकटीशी जोडणारी कड अनेक जुन्या स्पीकरमध्ये फोमची असे. हा फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप विरतो, आणि दमट हवेत तर बोट लावताच त्याचा भुगा होतो. शंकू आणि त्यामागचे वेटोळे शाबूत असेल तर केवळ कड बदलून स्पीकर पुन्हा पूर्वीसारखा गाऊ लागतो. हे काम करणारे कारागीर मोठ्या शहरांत अजून आहेत आणि त्याचा खर्च नव्या जोडीच्या मानाने किरकोळ असतो.

गायक डोक्यात कसा शिरतो

ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन याने १९३१ साली स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. या कल्पनेचे मूळ चित्रपटगृहात असल्याचे सांगितले जाते. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाई, त्याचा आवाज मात्र एकाच जागी खिळलेला राही. ब्लमलाइन ज्या ईएमआय कंपनीत काम करीत होता, तिच्यातच कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याची 'हिज मास्टर्स व्हॉइस' ही नाममुद्रा सामावलेली होती. मराठी घरांतल्या तबकड्यांशी त्याचे नाते त्यामुळे वाटते तितके दूरचे नाही.

स्टिरिओचे मर्म असे, की दोन्ही कान दोन्ही स्पीकर ऐकतात. डाव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानात आधी पोहोचतो. उजव्या कानात तो किंचित उशिरा आणि किंचित क्षीण होऊन येतो. किंचित म्हणजे किती? आवाज अगदी बाजूने आला तरी दोन कानांमधील हा फरक ०.६ ते ०.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. एवढ्या पुंजीवर मेंदू दिशा ठरवतो. दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणारा गायकाचा आवाज म्हणूनच त्या दोन खोक्यांच्या मधोमध, जिथे प्रत्यक्षात काहीही नाही अशा रिकाम्या जागी, उभा राहतो. त्यात भर पडते ती खोलीची. भिंती, छत, फरशी, पुस्तकांचे कपाट, या साऱ्यांवर आपटून आलेला आवाज थेट आवाजात मिसळतो आणि श्रोत्याला 'समोर काहीतरी घडते आहे' अशी जाणीव देतो. 'स्पीकरचा आवाज' म्हणून ज्याची आठवण काढली जाते, त्यात त्या दिवाणखान्याचा वाटा मोठा असतो.

हेडफोन कानावर चढताच ही सगळी देवाणघेवाण बंद होते. डावी वाहिनी फक्त डाव्या कानाला, उजवी फक्त उजव्या कानाला. खोली नाही, प्रतिध्वनी नाही, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे गळणारा आवाज नाही. समोर बसलेला गायक उठतो आणि श्रोत्याच्या डोक्याच्या आत, दोन कानांच्या मध्ये येऊन बसतो. स्पीकरची सवय असलेल्याला पहिल्या आठवड्यात सर्वाधिक खुपते ते हेच. आणि कोणतीही किंमत मोजून ते पूर्णतः टळत नाही.

ही अडचण कितपत जाणवेल, हे संग्रहात काय आहे यावर अवलंबून असते. या मुद्द्याकडे खरेदीच्या वेळी फारसे कुणी लक्ष देत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, आकाशवाणीची मुद्रणे आणि मोनोच्या काळातील चित्रपटसंगीत हेडफोनवर टाळूखाली एका बिंदूत गोळा होते. ते सुसह्य असते. काहींना तर त्यातली जवळीक भावते. खरा त्रास साठ-सत्तरच्या दशकांतील काही स्टिरिओ मुद्रणांचा होतो. त्या नवलाईच्या काळात एक वाद्य पूर्णपणे डावीकडे आणि दुसरे पूर्णपणे उजवीकडे टाकण्याची हौस होती. स्पीकरवर खोली त्यांची सांधेजोड करीत असे. हेडफोनवर मात्र तबला एका कानात वाजतो आणि दुसरा कान कोरडाच राहतो. अर्ध्या तासात डोके जड होते. यावर बेन बाउअर या अभियंत्याने १९६१ मध्येच एक उपाय सुचवला होता. डाव्या वाहिनीचा थोडा अंश किंचित विलंबाने उजवीकडे आणि उजवीचा डावीकडे मिसळायचा, म्हणजे स्पीकर नैसर्गिकपणे करतो ते थोडेफार साधते. या मिश्रणाला क्रॉसफीड म्हणतात. हेडफोनसाठीच्या काही अ‍ॅम्प्लिफायरवर त्याचे बटण असते. संगणकावर ऐकणाऱ्यांना ते सॉफ्टवेअरच्या रूपाने मिळते. ज्यांच्या संग्रहात जुनी स्टिरिओ मुद्रणे बरीच आहेत, त्यांनी हेडफोनची किंमत थोडी कमी करून ही सोय पदरात पाडून घ्यावी.

खर्ज छातीत, जवारी कानात

दुसरी उणीव शरीराची. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते, म्हणजे ती मध्यमवर्गीय घरातील बहुतेक खोल्यांच्या लांबीहून अधिक. असा खर्ज खोलीभर पसरतो, सोफ्याच्या हातातून, जमिनीतून आणि छातीच्या पिंजऱ्यातून जाणवतो. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड स्पीकरवर पोटात उमटते. हेडफोन हा स्वर कानाला तंतोतंत पुरवील, कदाचित खोलीतल्यापेक्षा अधिक स्वच्छ पुरवील. पण शरीराला त्याचा पत्ता लागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी खर्ज फुगवलेला हेडफोन घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. फुगवलेला खर्ज पुरुष गायकाचा आवाज पिंपातून आल्यासारखा करतो आणि तंबोऱ्याला झाकोळून टाकतो.

मात्र याच ठिकाणी हेडफोन आपली परतफेड सुरू करतो. खोलीच्या प्रतिध्वनीखाली वर्षानुवर्षे दबलेले कितीतरी तपशील वर येतात. तंबोऱ्याच्या चार तारांची जवारी वेगवेगळी ओळखता येते. तानेपूर्वी गायिकेने घेतलेला श्वास, पेटीच्या भात्याची फुसफुस, मैफलीच्या मुद्रणात मागच्या रांगेतून आलेली हलकी दाद, हे सारे ऐकू येते. तीस वर्षे पाठ असलेल्या ध्वनिमुद्रणात अनोळखी काहीतरी सापडते. स्पीकरमधून एवढा तपशील हवा असेल तर स्पीकरइतकाच खर्च खोली सुधारण्यावर करावा लागतो.

आवाजाचा तोल कसा असावा, यावर अलीकडच्या काळात पद्धतशीर संशोधन झाले आहे. अमेरिकेतील हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ च्या सुमारास श्रोत्यांना निरनिराळे हेडफोन ऐकवून पसंती विचारण्यास सुरुवात केली. बहुसंख्य श्रोत्यांना चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरशी मिळताजुळता तोल असलेले हेडफोन आवडले. म्हणजे खर्ज सपाटीपेक्षा थोडा उंच, मधले स्वर सरळ, ३ हजार हर्ट्झच्या आसपास मानवी कानाच्या नळीला साजेसा चढ आणि त्यापुढे हलका उतार. या आलेखाला 'हर्मन टार्गेट' म्हणतात आणि हेडफोनच्या अनेक परीक्षणांमध्ये तो तुलनेसाठी छापलेला असतो. तो म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तरीही स्पीकरवरून हेडफोनकडे वळणाऱ्याने त्याच्या जवळपासचा नग निवडला तर बदलाचा धक्का सौम्य होतो. हेडफोनमध्ये गेलेली खोली निदान स्वरांच्या तोलातून थोडीशी परत येते.

उघडे की बंद?

निवडीतील सर्वांत मोठा निर्णय कंपनीचा नसून रचनेचा आहे. स्टिरिओ हेडफोन १९५८ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी बाजारात आणला, तो बंद वाट्यांचा होता. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझरने एचडी ४१४ हा मागून उघडा हेडफोन काढला. त्याच्या पिवळ्या स्पंजाच्या गाद्या अनेकांच्या स्मरणात असतील. उघड्या रचनेत पडद्यामागची हवा जाळीतून मोकळी बाहेर जाते, वाटीच्या आत आपटून परत येत नाही. त्यामुळे आवाज डोक्याला चिकटून न राहता थोडा बाहेर पसरल्यासारखा वाटतो. स्पीकरची हौस असलेल्याला हेडफोनमध्ये जे काही जवळचे सापडेल, ते बहुधा याच जातीत. सेनहायझरचे १९९७ मधील एचडी ६०० आणि २००३ मधील एचडी ६५० आजही बनतात आणि तुलनेचा मानदंड म्हणून वापरले जातात. बायरडायनामिकचा डीटी ९९० तारस्वरात अधिक तीक्ष्ण, तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ग्रॅडोचे हेडफोन अधिक आघाडीवर येऊन गाणारे. आवड ज्याची त्याची.

पण उघड्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी उघडा. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, रस्त्यावरच्या रिक्षांचे हॉर्न आत येतात, आणि आतले गाणे बाहेर जाते. म्हणूनच स्पीकर का काढले, या प्रश्नाचे उत्तर इथे कामी येते. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे काढले असतील तर उघडा हेडफोन निःशंकपणे घ्यावा; भिंतीपलीकडे त्याचा आवाज पोहोचत नाही. दाराची घंटा, घरातल्यांची हाक ऐकू येते हा वर फायदा. त्याच खोलीत कुणी झोपलेले असेल, रुग्ण असेल किंवा पाळणा असेल, तर मात्र उघडा हेडफोन म्हणजे हाताशी ठेवलेला छोटा स्पीकरच. रात्रीच्या शांततेत त्याची चिरचिर दोन हातांवरच्या माणसाला जागे करते. अशा घरांत बंद रचनेलाच पर्याय नाही, भले तिच्यात गाणे थोडे कोंडल्यासारखे वाटो. घराच्या दोन गरजा असतील तर एक महागडा नग घेण्याऐवजी मध्यम किमतीचे दोन, एक उघडा आणि एक बंद, घेणे अधिक शहाणपणाचे.

हवामानाचाही विचार व्हावा. परदेशी परीक्षणांत तो क्वचितच आढळतो. मुंबई, ठाणे, कोकणपट्टी आणि गोव्यातील दमट हवेत कानाभोवतीच्या कृत्रिम चामड्याच्या गाद्या दोन-तीन पावसाळ्यांत तडकतात, त्यांचे काळे पापुद्रे कानाला चिकटतात. मखमली कापडाच्या गाद्या घाम शोषतात, धुता येतात आणि अधिक टिकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाद्या आणि तार घरच्या घरी बदलता येतील असाच नग निवडावा. ज्याच्या गाद्या सुट्या मिळत नाहीत, तो कितीही सुरेल असला तरी पाहुणाच.

वजनाचे गणित दुकानात कळत नाही. एचडी ६०० जातीचा हेडफोन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असतो; चुंबकांच्या रांगांमध्ये ताणलेला सपाट पडदा वापरणारे 'प्लॅनर' जातीचे काही हेडफोन अर्ध्या किलोहून जड असतात. त्यांचा खर्ज अप्रतिम, पण विलंबित ख्याल संपेपर्यंत मान अवघडते. चष्मा लावणाऱ्यांनी तो लावूनच हेडफोन चढवून पाहावा. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसली नाही तर बंद हेडफोनमधला खर्ज त्या फटीतून निसटतो, आणि दोष मात्र हेडफोनला दिला जातो.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा धडा

स्पीकर गेले तरी त्यांना वाजवणारा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा घरात असतो, आणि त्याच्या दर्शनी भागावर हेडफोनसाठी पाव इंची सॉकेटही असते. ते वापरावे का? हेडफोन योग्य असेल तर जरूर. सत्तर ते नव्वदच्या दशकांतील पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हे सॉकेट स्पीकरच्याच वाटेवरून, मध्ये शंभर ते काही शे ओहमचा रोध टाकून काढलेले असे. त्या काळचे हेडफोनही उच्च इम्पिडन्सचे, म्हणजे विद्युतप्रवाहाला अधिक विरोध करणारे असल्याने जोडी जमत असे. आज तेथे ३२ ओहमचा आधुनिक हेडफोन जोडला, तर तो रोध हेडफोनपेक्षा कितीतरी मोठा ठरतो. मग ज्या स्वरांना हेडफोनचा इम्पिडन्स वाढतो, ते स्वर अवाजवी उचलले जातात; अनेकदा खर्ज ढिला आणि फुगीर होतो. ग्राहक म्हणतो, हेडफोन वाईट निघाला. तोच अ‍ॅम्प्लिफायर ३०० ओहमच्या एचडी ६०० सोबत किंवा २५० ओहमच्या डीटी ९९० सोबत मात्र सुखाने नांदतो. जुने यंत्र जिवापाड जपलेल्या घरासाठी ही दिलाशाची गोष्ट आहे. निम्मी यंत्रणा तशीच राहते, आवाजाचे ते ओळखीचे बटणही बोटाखाली राहते.

उलट, फक्त मोबाईलवर ऐकणाऱ्याने ३०० ओहमच्या मागे लागू नये. फोनला जोडायचा छोटा अ‍ॅडॉप्टर एवढ्या इम्पिडन्सला पुरेसे व्होल्टेज देतोच असे नाही. आवाज तर येतो, पण बटण टोकाला नेऊनही चढत्या लयीतला जोर येत नाही. त्याने कमी ओहमचा नग घ्यावा किंवा हेडफोनसाठी स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. असा अ‍ॅम्प्लिफायर घेताना त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स एक-दोन ओहमच्या घरात आहे, एवढे पाहिले की पुरे. सोन्याचा मुलामा, चांदीची तार आणि तत्सम अलंकारांवर होणारा खर्च नव्या ध्वनिमुद्रणांवर केलेला केव्हाही चांगला. एक सूचना मात्र ठळकपणे द्यायला हवी. स्पीकरच्या मागच्या खिट्ट्यांना हेडफोनची तार थेट कधीही जोडू नये. हेडफोन जळतोच, कानही धोक्यात येतो.

बिनतारी हेडफोनचे काय? घरात एका खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला त्यांची निकड नाही. आवाज ब्लूटूथवरून पाठवताना सहसा आकसून पाठवला जातो. तो फरक आज पूर्वीइतका जाणवत नाही हेही खरे. मुख्य आक्षेप आयुष्याचा आहे. आतली बॅटरी काही वर्षांत दमते आणि ती बदलणे अनेक नगांत अवघड असते. पंचवीस वर्षे स्पीकर सांभाळलेल्याला हा हिशेब पटत नाही. मात्र घराशेजारी मेट्रोचे किंवा इमारतीचे काम चालू असेल, तर बाहेरचा आवाज मारणारे बंद हेडफोन उपयोगी पडतात. यंत्रांची सलग घरघर ते छान गिळतात. हॉर्न आणि बोलण्याचे आवाज तितकेसे नाही. या तंत्राशी जोडलेले अमर बोस यांचे नाव स्पीकरवाल्यांनाही परके नाही. बंगाली वडिलांच्या या अमेरिकी प्राध्यापकाने १९६८ मध्ये ९०१ हा स्पीकर काढला. त्यातील नऊपैकी आठ शंकू श्रोत्याकडे पाठ करून भिंतीवर आवाज फेकत, म्हणजे खोलीलाच वाद्य बनवत. त्याच माणसाला १९७८ मध्ये विमानप्रवासात हेडफोनवर इंजिनाच्या आवाजापुढे संगीत ऐकू येईना आणि बाहेरचा आवाज खोडून काढण्याची कल्पना सुचली. तिच्यावर आधारित वैमानिकांचा हेडसेट त्यांच्या कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला.

ऐकून पाहताना

दुकानातल्या चकचकीत नमुन्यांवर हेडफोन पारखू नये. आपली, पाठ असलेली मुद्रणे सोबत न्यावीत. तंबोरा आणि एकच गळा असलेले एखादे गायन, एकल तबला, मोठ्या वाद्यवृंदाचे आणि कोरसचे एखादे चित्रपटगीत, आणि शक्य असल्यास निव्वळ बोलणे, एखादे अभिवाचन किंवा नभोनाट्य. बोलण्याचा आवाज कृत्रिम वाटला तर तो हेडफोन बाजूला ठेवावा, कारण मानवी आवाजाची पारख कानाला जन्मापासूनची असते. तुलना करताना दोन्हींचा आवाज शक्य तितका सारखा ठेवावा. जो किंचित मोठा वाजतो तो 'चांगला' वाटतो, आणि ही युक्ती विक्रेत्यांना पुरेपूर ठाऊक आहे. पहिल्या पाच मिनिटांत दिपवणारा, तारस्वर चमकवणारा हेडफोन अर्ध्या तासात कान शिणवतो. म्हणून किमान एक संपूर्ण बंदिश तरी ऐकावी. नग परत करण्याची मुभा असेल तर घरी आठ-दहा दिवस ऐकून मगच निर्णय घ्यावा. हेडफोन 'वाजून वाजून मोकळा होतो' असे सांगितले जाते. त्या दिवसांत हेडफोनपेक्षा श्रोत्याचे कानच अधिक बदलत असतात.

आवाजाची पातळी हा विषय सूचनापत्रकाच्या शेवटच्या पानावर ढकलला जातो, वास्तविक तो आधी हवा. स्पीकरला मर्यादा घालायला शेजारी होते, घरचे होते, कायदाही होता. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हेडफोनला टोकणारे कुणीच नाही. शिवाय छातीला न मिळणारा खर्ज शोधत बोट नकळत बटण वाढवत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला अवघी चार तास उरते. साठीच्या पुढे वरच्या पट्टीतले स्वर कानाला कमी ऐकू येऊ लागतात आणि त्याची भरपाई म्हणून एकूण आवाजच वाढवला जातो. अशा श्रोत्याने आवाज वाढवण्याऐवजी फक्त वरची पट्टी थोडी उचलणारी सोय, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचे ट्रेबलचे साधे बटणसुद्धा, वापरून पाहावी. ऐकून झाल्यावर कानात गुंई आवाज राहत असेल तर पातळी नक्कीच जास्त होती. आणि तो वरचेवर राहत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

उरतो तो प्रश्न दुसऱ्या माणसाचा. स्पीकरवर लावलेले गाणे घराचे असे. स्वयंपाकघरातून कुणी समेवर मान हलवी, मुलाच्या कानावर नकळत यमन पडे. हेडफोन घातलेला माणूस मात्र त्याच खोलीत असून नसल्यासारखा असतो, आणि कित्येक घरांत स्पीकर जाण्याची खरी हळहळ हीच असते. यावर छोटासा तोडगा आहे. काही अ‍ॅम्प्लिफायरना हेडफोनची दोन सॉकेट असतात. नसल्यास एका सॉकेटमधून दोन वाटा काढणारा साधा जोड मिळतो. मात्र दोन्ही हेडफोन एकाच प्रकारचे घ्यावेत, नाहीतर एकाला मोठे आणि दुसऱ्याला पुटपुटल्यासारखे ऐकू येते. आणि अशा जोडीसाठी, खोलीत तिसरे कुणी झोपलेले नसेल तर, दोन्ही उघडेच घ्यावेत. बंद वाट्यांमधून शेजारी बसलेल्याची 'वा!' ऐकू येत नाही, उघड्यांतून येते.